हरकत असल्यास...

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. त्यामुळे "बी. ई. झाल्यावर मी लॉ करणार आहे" असं मी कॅन्टीनमध्ये जाहीर केलं, तेव्हा टेबलावर आधी शांतता पसरली आणि मग एकच गलका झाला. "अगं, गेट दे, कॅट दे, जीआरई दे, पण हे काय भलतंच?" "प्लेसमेंटला घाबरलीस का?" "काळा कोटच घालायचा असेल तर गॅदरिंगला घाल की!" चहा गार झाला, पण चर्चा काही थांबेना.

या सगळ्या गोंधळात एकीने मात्र हळूच विचारलं, "पण आपण चालतो का त्याला? सायन्सवाल्यांना घेतात?" खरं सांगायचं तर चार महिन्यांपूर्वी हे मलाही माहीत नव्हतं. तेव्हा आधी या प्रश्नाचं उत्तर देते आणि मग माझ्यासारख्या बऱ्यापैकी शहाण्या मुलीला ही पायरी का चढाविशी वाटली ते सांगते.

तर मंडळी, आपण चालतो. अगदी आरामात चालतो! वकील व्हायचे दोन रस्ते आहेत. एक बारावीनंतरचा पाच वर्षांचा आणि दुसरा कुठलीही पदवी घेतल्यानंतरचा तीन वर्षांचा. पहिली गाडी आपण कधीच चुकवली आहे. दुसरीसाठी बार कौन्सिलच्या नियमानुसार पदवीला ४५ टक्के लागतात, राखीव वर्गांना त्यातही सवलत आहे. पदवी कशातली, हे कुणी विचारत नाही. मेकॅनिकल चालतं, संस्कृत चालतं, बी. कॉम. चालतं. कुठलाही एक विषय घेतलाच पाहिजे अशी अट नाही. ज्यांनी बारावीला पीसीएम ग्रुपच्या एकेका मार्कासाठी रात्री जागवल्या आहेत, त्यांना हे वाचून जरा अपमान झाल्यासारखंच वाटेल. मला तरी वाटला.

महाराष्ट्रात यासाठी २०१६ पासून सीईटी असते. फायनल इयरला असतानाच ती देता येते. प्रश्न सगळे पर्यायी, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. कायद्याची समज, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, तर्कशक्ती आणि इंग्रजी असे चार भाग. त्यात इंग्रजीचा वाटा सगळ्यात मोठा, जवळजवळ एक तृतीयांश. आणि गणित? शून्य! पाच वर्षांच्या कोर्सच्या परीक्षेत निदान चवीपुरतं तरी असतं. आपल्या एम-वन, एम-टू, एम-थ्रीला तीन वर्षांच्या कोर्सच्या परीक्षेत एका मार्काचीही किंमत नाही. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मी एम-थ्रीच्या पुस्तकाकडे फार वेगळ्या नजरेने पाहिलं.

प्रवेश मिळाला की सहा सेमिस्टर. त्यात वीस सक्तीचे विषय, सहा ऐच्छिक आणि चार प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे दावे-नोटिसा लिहिणं, वकिलीची नीतिमत्ता, तडजोडीचे मार्ग आणि अभिरूप न्यायालय. ७० टक्के हजेरी, बारा आठवड्यांची इंटर्नशिप. हे करताना दुसरी रेग्युलर डिग्री चालत नाही, म्हणजे "इकडे बी. ई., तिकडे एलएल. बी." हा शॉर्टकट बंद. शेवटी सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. आणि एक गंमत ऐका. पेटंट एजंटच्या परीक्षेला बसायचं तर पेटंट कायद्याप्रमाणे विज्ञानाची, इंजिनिअरिंगची किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. नुसती कायद्याची असून भागत नाही! म्हणजे एक दार असंही आहे, जिथे वकिलाला बाहेर थांबवतात आणि इंजिनिअरला "या बसा" म्हणतात.

पुण्यात कॉलेजांना तोटा नाही. लॉ कॉलेज रोडला ज्याच्यामुळे नाव पडलं ते १९२४ साली सुरू झालेलं आयएलएस टेकडीच्या पायथ्याशी उभं आहे. देशाचे दोन सरन्यायाधीश, गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड, तिथेच शिकले. सबमिशन संपल्यावर आपण ज्या टेकडीवर फिरायला जातो, तिच्यावरून ते कॉलेज अनेकदा पाहिलं होतं. पण त्याच्या फाटकातून आत जायचा विचार कधी मनात आला नव्हता.

आणि दार इतकं उघडं आहे, याची किंमत मला कॉर्नेलिया सोराबजींबद्दल वाचेपर्यंत कळली नव्हती. जन्म १८६६ चा, नाशिकचा. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, अशी परीक्षा देणाऱ्या त्या तिथल्या पहिल्या बाई. पण बाईला पदवी देण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे ती हातात पडायला १९२२ साल उजाडलं. तीस वर्षं! हिंदुस्थानात बायकांना वकिली करायची कायद्याने मोकळीक मिळाली ती १९२३ मध्ये. मार्क होते, हुशारी होती, दार नव्हतं. आपल्याला ४५ टक्क्यांत दार उघडं मिळतं आणि आपण म्हणतो, "शी, इतकं सोपं?"

इथपर्यंतची माहिती कुणीही गोळा करू शकेल. पण मी ती का गोळा करत बसले, ते आता सांगते. सांगायला थोडी लाज वाटते आहे.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होती, पण थर्ड लँग्वेज म्हणून. दहावीला निबंध पाठ करून गेले आणि चक्क ऐंशीच्या वर मार्क पडले. घरी मराठीच बोलतो, सिनेमे-नाटकं बघतो, त्यामुळे आपल्याला मराठी येतं अशी माझी ठाम समजूत होती. आकड्यांचा तेवढा घोळ व्हायचा. भाजीवाले काका "एकोणसत्तर" म्हणाले की मी शंभराची नोट पुढे करायचे आणि परत येईल ते घ्यायचे.

गेल्या सेमच्या ओरल्स चालू असताना माझे आजोबा, म्हणजे आबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे आले होते. आमचं गाव पुरंदर तालुक्यात, दिवे घाट चढून पलीकडे. थोडी जमीन आहे, एक सामाईक विहीर आहे. आबांच्या डोळ्याला पट्टी, बाबा कंपनीच्या कामासाठी परगावी आणि आई स्वयंपाकघरात. अशात गावाकडच्या शेजाऱ्यांनी माझ्या मोबाईलवर एका कागदाचा फोटो पाठवला. आबांच्या नावाने नोटीस आली होती.

"काय लिहिलंय गं? वाच जरा," आबा म्हणाले.

मी वाचायला लागले. गट नंबर ५९७ तिथेच मी अडखळले आणि "फाइव्ह नाइन सेव्हन" असं म्हणून पुढे गेले. मग 'सदर', 'उपरोक्त', 'खातेदार', 'हितसंबंधित' असे दगड एकामागून एक. दुसऱ्या दिवशी माझी ओरल होती. मी भराभर नजर खाली नेली. शेवटच्या परिच्छेदात साधारण असं होतं, की या नोंदीबाबत कोणाची हरकत असल्यास नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांचे आत लेखी कळवावे, मुदतीत हरकत न आल्यास काही म्हणणे नाही असे समजून नोंद प्रमाणित करण्यात येईल.

आता तुम्हीच सांगा, 'हरकत' हा शब्द आपण कुठे ऐकतो? "चहा घेणार?" "हरकत नाही." "उशीर झाला." "काही हरकत नाही." माझ्या आयुष्यात हा शब्द 'नाही'शिवाय कधी आलाच नव्हता! त्या कागदावरही 'हरकत' होतं, जवळच 'न' होतं, 'म्हणणे नाही' होतं. मी म्हटलं, "आबा, कसलीतरी नोंद करतायत. हरकत नाही म्हणतायत."

"हरकत नाही ना? मग झालं," म्हणाले आबा आणि डोळ्यात थेंब घालून घ्यायला आडवे झाले.

एकोणिसाव्या दिवशी बाबा परत आले. फोटो बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. आबांच्या चुलतभावांनी एका जुन्या वाटणीच्या आधारावर फेरफार नोंदवायला दिला होता आणि त्यात विहिरीतला आबांचा आठ आणे हिस्सा गायब होता. पंधरा दिवसांत एक अर्ज दिला असता, तर ती नोंद तक्रारी म्हणून धरली गेली असती आणि दोन्ही बाजूंचं ऐकून मगच निर्णय झाला असता. तो अर्ज माझ्यामुळे गेला नाही. ज्या विहिरीत मी लहानपणी डबा बांधून पोहायला शिकले, त्याच विहिरीतून मी आबांना कागदोपत्री बाहेर काढलं होतं.

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तिची काय चूक? इंग्रजीत आपणच घातलं तिला." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आपल्या घरात एक तरी शिकलेलं माणूस असावं म्हणून घातलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ओरलला 'एक्सलंट' मिळालं होतं, हे आठवून तर आणखीच लागली नाही.

बाबांबरोबर मी शिवाजीनगरला एका वकीलकाकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, नोंदीवर प्रांताकडे अपील करता येतं, त्याला ६० दिवसांची मुदत असते आणि ती अजून शिल्लक आहे. दुसरी, फेरफाराची नोंद ही महसूल गोळा करण्यासाठी असते. नोंद झाली म्हणून कुणाला मालकी मिळत नाही आणि गेली म्हणून हक्क बुडत नाही. हक्काचा निवाडा दिवाणी कोर्टच करतं. आबांनी फोनवर हे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे सातबारा म्हणजे सगळं नव्हे होय! सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं." एका वाक्याने माणसाचा आवाज बदलतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग काकांनी माझ्यापुढे एक जुनी फाईल सरकवली. "इंजिनिअर होणार ना? बघ वाचता येतं का." दीड पानाला मला चाळीस मिनिटं लागली. मिळकत म्हणजे मला वाटलं पगार, तर ती निघाली जमीन आणि घर. कैफियत म्हणजे गझलमधलं काहीतरी असेल म्हटलं, तर ते निघालं प्रतिवादीचं लेखी उत्तर. एका ठिकाणी 'अज्ञान' असं एका मुलाच्या नावामागे लिहिलेलं वाचून मला त्याची दयाच आली. कोर्टात असं उघड उघड लिहितात? काका खूप हसले. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा! म्हणजे मी दोन वर्षांपूर्वीच कायद्याने सज्ञान झाले होते. फक्त कायद्याने.

"पण कोर्टात सगळं इंग्रजीत चालतं ना?" मी शेवटचा आधार शोधत विचारलं. तर नाही. इंग्रजी हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात. जिल्हा आणि तालुक्याच्या कोर्टांची भाषा सरकारने १९९८ साली अधिसूचना काढून मराठी ठरवली आहे. न्यायाधीश व्हायचं तर मराठी लिहिता, वाचता, बोलता यायला हवंच, शिवाय इकडचं तिकडे भाषांतरही करता यायला हवं. आणि बहुतेक माणसांची भांडणं तालुक्यातच सुरू होतात. ज्या कागदांवर ती उभी असतात, म्हणजे सातबारा, फेरफार, खरेदीखत, पंचनामा, जबाब, ते सगळे मराठीत.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो इथे. सीईटीत एक तृतीयांश इंग्रजी, ते मला येतं. प्रश्नपत्रिकेत मराठी असते, पण ती इंग्रजीच्या शेजारी, सोयीसाठी. तिच्यावर वेगळा मार्क नाही. ४५ टक्के माझ्याकडे आहेत. म्हणजे सगळ्या अटींवर मी पास! आणि तरी माझ्या स्वतःच्या आजोबांच्या नोटिशीवर मी नापास झाले होते. प्रवेशाची अट एक आणि कामाची अट वेगळी. पहिली छापलेली असते, दुसरी आपल्यालाच शोधून काढावी लागते.

गणित आणि कायदा यांचा संबंध काय, असं मला कॅन्टीनमध्ये विचारलं होतं. याचं उत्तर पुण्यातच आहे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातून बी. ए. केलं ते गणित घेऊन, पहिल्या वर्गात. त्यानंतर १८७९ साली एलएल. बी. म्हणजे आपलीच लाईन! १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ते स्वतःच स्वतःचे वकील होते आणि कित्येक दिवस, एकूण एकवीस तासांहून जास्त बोलले. शाळेत आपण त्यातली गर्जना शिकतो. पण त्यांच्या बचावातला एक मोठा भाग गर्जनेचा नव्हताच, तो शब्दांचा होता. 'केसरी'तल्या मराठी लेखांचं सरकारी इंग्रजी भाषांतर चुकीचं आहे, मूळ शब्दाचा अर्थ असा होत नाही, हे ते ज्युरीला समजावून सांगत होते. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी येत नसलेल्यांपुढे मराठी शब्दाचा अर्थ सिद्ध करायचा! सात विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. हे वाचताना मला आमची विहीर आठवली. कुठे तो खटला आणि कुठे आमचे आठ आणे, पण एका शब्दावर माणसाचं किती काय लटकलेलं असतं, ते दोन्हीकडे सारखंच.

सोराबजींनी तरी पुढे काय केलं? १९०४ पासून बंगालमध्ये सरकारी सल्लागार म्हणून ज्या पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषासमोर येता येत नव्हतं, त्यांच्या इस्टेटीची बाजू त्यांनी पाहिली. ज्यांच्या नावाने कागद होता, पण त्याच्यापर्यंत ज्यांचा हात पोचत नव्हता, अशा बायका. डोळ्याला पट्टी बांधलेले आबा आणि त्या बायका यांच्यात मला फार फरक वाटत नाही. अशा वेळी शेजारी बसून कागद नीट वाचणारं कुणीतरी लागतं. मला ते माणूस व्हायचं आहे. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा, फार थोर वगैरे काही नाही.

इंजिनिअरिंग त्यात फुकट जाणार नाही, असं मला आता वाटतं. 'आणि' आणि 'किंवा' यांतला फरक आपल्याइतका कुणाला कळतो? एका गेटने अख्खं सर्किट उलटं होतं, हे आपण पाहिलेलं असतं. एक मात्र नव्याने शिकावं लागणार आहे. आपल्या गणितात 'दिलेले आहे' म्हणून जे असतं ते खरंच असतं, त्यावर कुणी भांडत नाही. कायद्यात निम्मं भांडण 'दिलेले आहे' यावरच असतं.

तर सध्या माझी तयारी अशी चालू आहे. रोज एक मराठी अग्रलेख, मोठ्याने वाचून. आठवड्याला एक सातबारा किंवा खरेदीखत, घरातलं नाहीतर मैत्रिणींच्या घरातलं. नव्या शब्दांची एक वही केली आहे, त्यात आत्तापर्यंत 'तूर्तातूर्त मनाई'पासून 'मयत'पर्यंत दोनशे शब्द झाले. वर्तमानपत्रातल्या चालू घडामोडी आहेतच. कायद्यासाठी 'बेअर ॲक्ट', म्हणजे टीपा-टिप्पणी नसलेला मूळ कायदा. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात म्हणून एक सल्ला देते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे, त्यामुळे फौजदारी कायद्याचं त्याआधीचं पुस्तक बघून घ्या. खुनाचं सिनेमातलं कलम ३०२ आता १०३ झालं आहे! आणि हो, भाजीवाल्या काकांना परवा मी बरोबर एकोणसत्तर रुपये सुटे मोजून दिले.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग इंजिनिअरिंग कशाला केलंस?" बाबा हिशोब करायला लागले, अजून तीन वर्षं, फी, होस्टेल नको हे एक बरं. आबांचा दुसरा डोळाही आता झाला आहे, पेपर ते स्वतः वाचतात. तरी प्रांत ऑफिसची सुनावणीची नोटीस आली ती त्यांनी उघडली आणि माझ्याकडेच दिली. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, गट नंबर पाचशे सत्त्याण्णवसकट. आबांनी ऐकून घेतलं, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "हिच्या लॉला आपली काही हरकत नाही."

अपिलाचा निकाल अजून लागायचा आहे. लागेल तेव्हा लागेल, कोर्टकचेरीत घाई चालत नाही असं म्हणतात. पण तुमच्या घरीही कपाटात, जुन्या ट्रंकेत असे कागद असतीलच. या सुट्टीत एकदा काढून वाचून बघा. अडलात तर माझी वही आहे.

आणि माझ्या वाटेत सध्या एकच कायदेशीर अडचण शिल्लक आहे. ४५ टक्के कुठल्याही पदवीला चालतात हे खरं, पण आधी ती पदवी मिळावी लागते. एम-थ्रीची केटी अजून सुटायची आहे!